सातव्या पातळीचा चोर

होणाऱ्या जावयाने सोफ्यावर एक कागद विसरावा आणि त्यावर सुवाच्य अक्षरात ‘वर्ग : चोर’ असं लिहिलेलं असावं, हे वजनमापे निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या पचनी पडणं कठीण होतं. निवृत्त निरीक्षकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. पातळी सात. अंगी असलेली कौशल्यं : खिसा मारणे, कुलूप उघडणे, सावलीत दडणे. आणि शेवटी, खाली रेघ ओढून : बेसावध माणसाच्या पाठीत वार, दुप्पट इजा.

“हे त्याचं का?” त्यांनी मुलीला विचारलं.

“हो, कधीचा शोधतोय तो. खेळातलं पात्र आहे ते, बाबा.”

मग तिने समजावून सांगितलं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण एकेक पात्र घेतो. कोणी जादूगार, कोणी उपचारक. एकजण गोष्ट सांगतो, गोष्टीत राक्षस येतो, आणि आपला वार लागला की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. वीस पडले तर घाव वर्मी, एक पडला तर फजिती.

“मी योद्धा आहे,” ती म्हणाली, आणि म्हणताना तिचा कणा ताठ झाला.

“आणि याने चोर घेतला.”

“कोणाला तरी घ्यावाच लागतो. कुलपं कोण उघडणार?”

बायकोला हे उत्तर पटलं. निरीक्षकांना नाही. “खेळच आहे ना,” बायको म्हणाली, तर ते म्हणाले, “खेळ आहे म्हणूनच. तपासणीच्या दिवशी सगळेच दुकानदार साळसूद असतात. कोणी बघत नाही असं वाटलं की माणूस कोणता वर्ग निवडतो, ते बघायचं.”

खरं म्हणजे त्या तरुणात आतापर्यंत एकही खोट निघाली नव्हती. कमी ऐकू येणाऱ्यांना कानातली यंत्रं बसवून द्यायचा त्याचा व्यवसाय होता, बोलणं हळू होतं, आणि लग्नाचं विचारायला आला तेव्हा चपला सरळ रेषेत काढून ठेवल्या होत्या. निरीक्षकांना नेमकं हेच खटकत होतं. निर्दोष तराजू त्यांनी नोकरीत कधी पाहिला नव्हता. पाहिले होते ते फक्त दोष न सापडलेले. महिनाअखेरीस होकार-नकार कळवतो, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

“पुढच्या रविवारी मी पण खेळतो,” ते म्हणाले.

मुलगी हरखली. बायकोने मात्र त्यांच्या खिशातल्या डायरीकडे पाहिलं.

खेळ चालवणारी होती मुलीची मैत्रीण, एका वाचनालयातली ग्रंथपाल. तिने निरीक्षकांना उपचारकाचं पात्र दिलं. धारदार शस्त्र हाती घ्यायचं नाही, सोबत्यांच्या जखमा भरायच्या. पहिल्याच गुहेत आठ हात लांबीचा कोळी निघाला. योद्धा तलवार उपसून पुढे झाली, आणि चोर म्हणाला, “मी अंधारातून त्याच्या मागे जातो.”

“कुठे निघालात?” उपचारकाने विचारलं.

“मागे, काका. पाठीत वार करायला.”

“की सटकायला?”

ग्रंथपाल म्हणाली, “काका, तुमची पाळी. योद्ध्याला जखम झालीय, तिला बरं करा.”

“नको. मी चोरावर नजर ठेवतो.”

एक अख्खी पाळी त्यांनी नजर ठेवण्यात घालवली. पुढच्या पाळीला कोळ्याने चोराला डसलं, तर उपचारक म्हणाले, “आधी याचे खिसे तपासतो, मग औषध.” खिशात दोरी आणि मेणबत्ती निघाली. तोवर चोर बेशुद्ध पडला होता. कोळ्याला योद्ध्यानेच मारलं, वीस टाकून. मुलीने मूठ आवळली आणि सगळ्यांकडे असं पाहिलं, की निरीक्षकांनासुद्धा क्षणभर बरं वाटलं.

असे तीन रविवार गेले. दर वेळी डायरीत एकच नोंद व्हायची : चोराने टाकलेला प्रत्येक आकडा. निळा फासा, चार. निळा फासा, अकरा. निळा फासा, सात. सरासरी काढली तर ती जिथे असायला हवी तिथेच होती. इतका सरळ हिशेब पाहून निरीक्षकांची झोप उडाली. लबाडी नाही म्हणजे ती आणखी खोल दडली आहे, एवढाच त्याचा अर्थ निघत होता.

तिसऱ्या रविवारी चहासाठी खेळ थांबला, तेव्हा त्यांनी घसा खाकरला. “फासे जरा तपासून घेतो. सगळ्यांचे. नियम म्हणजे नियम.”

“बाबा,” मुलगी म्हणाली, पण ओंजळ भरून ते स्वयंपाकघरात गेले होते.

पद्धत त्यांना ठाऊक होती. पाण्यात मीठ विरघळवत राहायचं, पाणी इतकं जड झालं पाहिजे की फासा तरंगेल. मग बोटाने ढकलायचा. सच्चा फासा दर वेळी वेगळी बाजू वर करतो; पोटात पोकळी असली की हलकी बाजूच वर येते. बायको आली तेव्हा बरणी रिकामी होती.

“रात्रीच्या भाजीत काय घालू?”

“थांब जरा.”

निळा फासा ढकलला : तीन, सोळा, नऊ. पांढरा ठीक. हिरवा ठीक. लाल ढकलला : वीस. पुन्हा ढकलला : वीस. पूर्ण उलटा करून दाबून सोडला, तर तो सावकाश वळला आणि वर आले वीस.

निरीक्षकांच्या अंगात एकतीस वर्षं एकदम परत आली. तेवढ्यात कपांचा ट्रे न्यायला तो तरुण आत आला, आणि वाडग्याकडे पाहून थबकला.

“हा लाल तुमचाच ना?”

“हो,” तो लगेच म्हणाला. “माझाच आहे, काका.”

गुन्हा इतका झटकन कबूल झालेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. समाधानाने नोंद करायला त्यांनी डायरी उघडली आणि पेन अडलं. तीन रविवार. निळा, निळा, निळा. या माणसाच्या हातात लाल फासा एकदाही आलेला नव्हता. आणि मग त्यांना आठवलं, वीस टाकून मूठ कोण आवळत होतं.

“खोटं का बोललात?” त्यांनी आवाज खाली आणला.

तरुणाने दाराकडे पाहिलं. “तिला ठाऊक नाहीये. तिला वाटतं तिचा हात चांगला आहे. मला वर्षापूर्वी कळलं. दिवसभर बारीक यंत्रं हाताळतो ना, वजन बोटाला लागतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“तक्रार कक्षात आहे ती, काका. आठवडाभर फोनवर अनोळखी लोकांचं ऐकून घेते आणि माफी मागते. रविवारी तिचा एकही वार फुकट जात नाही. तेवढं राहू दे म्हटलं.”

निरीक्षकांनी लाल फासा पुसला, मग परत पुसला. बाहेर सगळे वाट बघत होते.

“काय निघालं, बाबा?”

त्यांच्या सहीने आजवर एकही खोटं माप बाजारात गेलं नव्हतं. त्यांनी लाल फासा मुलीसमोर ठेवला. “सगळे बरोबर आहेत,” ते म्हणाले.

ग्रंथपालने रोखलेला श्वास सोडला. तिलाही ठाऊक होतं तर.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात बायकोने वाडग्यातलं पाणी मोरीत ओतलं. ट्रे न्यायला जो आला होता, त्याचं प्रत्येक वाक्य तिने फळीशी उभं राहून ऐकलं होतं.

“मला आता शंका येतेय,” ती म्हणाली. “इतक्या सफाईने खोटं बोलतो. डोळ्याची पापणी हलली नाही.”

“तिच्यासाठी बोलला,” निरीक्षक म्हणाले. “होकार कळवू उद्याच.”

“आणि पुढेमागे तिच्याशीच बोलला म्हणजे?”

“तसा नाही तो. मला माणूस कळतो.” ते जरा थांबले, मग अभिमानाने म्हणाले, “मला विचारशील तर मी तुझ्याशी असं खोटं कधी बोललो नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.”

“हो ना,” बायको म्हणाली, आणि रिकामी बरणी घेऊन शेजारी मीठ मागायला गेली.