चार गणितांचे मास्तर

बंद पडलेली एसटी ढकलायला आम्ही खाली उतरलो, तर खंडागळे मास्तर ओरडले, "थांबा! आधी चित्र!" आणि बसच्या धुळकट पाठीवर बोटाने बाण काढायला लागले. वजन खाली, रस्त्याचा रेटा वर, घर्षण मागे. चौथा बाण पुरा होईतो लोकांनी दणका दिला आणि बस सुटली. चित्र कर्जतला गेलं, मास्तर कशेळ्यात राहिले.

आमच्या शाळेत ते जुन्या अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला, भौतिकशास्त्र शिकवायचे. कुणी आधी सूत्र लिहिलं की फळा पुसायचे. "वस्तू एकटी काढ. तिला कोण ओढतंय, कोण ढकलतंय? तेवढे बाण. आकडे मग!" माझ्या दुकानात आले तरी गुळाच्या ढेपेभोवती खडूने बाण.

"मास्तर, ह्यो गूळ कुठं निघाला?" गिऱ्हाईक विचारायचं.

"कुठंच नाही. म्हणून तर दोन्ही बाण सारखे!"

हसायचो आम्ही. पण माझी सुमन त्यांच्याच वर्गात होती, तिला नर्स व्हायचं होतं, आणि पुस्तकातल्या चाळीस गणितांपैकी दिवाळीपर्यंत झाली होती चार.

"आज पन उतारावरचा दगडच, बाबा," ती म्हणाली. "सर उत्तर सांगतच नाय. नुसतं 'मग?' म्हनतात."

माझं डोकं फिरलं. तक्रारीचा अर्ज मी लिहिला, पालकांच्या सह्या मीच गोळा केल्या. मास्तरांची खोपोलीला बदली झाली. जाताना रागावले नाहीत. "अहो, पोरांचं घर्षण अजून पक्कं नाही," एवढंच म्हणाले. नव्या मास्तरांनी महिन्याभरात चाळीसही गणितं उतरवून दिली. मी खूश.

परीक्षेत उतारावरचा दगडच आला, पण पुस्तकातल्यासारखा नव्हे. सुमन नापास झाली.

लाज गिळून मी खोपोलीच्या शिळफाट्याला मास्तरांच्या खोलीवर गेलो. एकटेच राहत होते. तिला पुन्हा शिकवा म्हणणार, तोच त्यांनी उशीखालून एक कागद काढला. आमच्या पोरांची प्रश्नपत्रिका कुणाकडून तरी मागवून घेतली होती. तिच्या मागच्या बाजूला त्या वर्गातल्या सगळ्यांची नावं, आणि प्रत्येकापुढे तो कुठे अडला असेल ते.

"सुमन: घर्षणाचा बाण विसरली असेल."

"विसरली का हो?" त्यांनी काळजीने विचारलं.

मी पोरीला मार्क विचारले होते. कुठे अडलीस, हे बाप असून एकदाही विचारलं नव्हतं.