गुलाबराव मास्तरांचा 'हॅड'

माझ्या परसातली मेथी म्हशीनं खाल्ली, याबद्दल माझी तक्रार नाही. म्हशीला मेथी दिसली, तिनं खाल्ली. तिचं काही चुकलं नाही. माझा राग आहे तो मेथी संपेपर्यंत कुंपणापलीकडं हाताची घडी घालून उभ्या राहिलेल्या गुलाबराव मास्तरांवर. मी बाजारातून येतो तो काय, वाफा बोडका, म्हैस रवंथ करतेय आणि हे गृहस्थ हसत हसत मला ऐकवतात, "बिफोर यू केम बॅक, द बफेलो हॅड ईटन अप द मेथी!"

"अहो, हाकलायचं तरी तिला!"

"मधीच हाकलली असती तर अर्धी मेथी राह्यली असती. काम पुरं झाल्याबिगर हॅड येत न्हाय, गुरुजी."

अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

इंदापूरच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे आणि मी गणित. घरंही शेजारी शेजारी, म्हणजे शाळा सुटली तरी माझी सुटका नाही. इंग्रज देश सोडून गेले त्याला काही वर्षं झाली होती, पण जाताना आपला 'हॅड' ते गुलाबरावांच्या ओसरीवर विसरून गेले असावेत. दोन गोष्टी घडल्या की आधीचीला हॅड लावायचा आणि क्रियापदाला मागून अप, डाउन, आउट, ओव्हर असलं एखादं शेपूट जोडायचं, हा त्यांचा छंद. कुणी काही सांगायला आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आधी काय झालं व्हतं?"

बारामतीची मोटार वाटेत बंद पडली, तेव्हा सगळे उतारू खाली उतरून ढकलत होते. हे एकटे आत बसून "हॅड ब्रोकन डाउन" घोळवत होते. आमच्या हेडमास्तरांचे वडील वारले, तिथंही यांनी तोंड उघडलंच. "डॉक्टर यायच्या आधी की नंतर?" मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं म्हणून बरं.

घरात बायको नव्हती. कुसुम चार वर्षांची असतानाच ती गेली आणि त्यांनी पोरीला एकट्यानं वाढवलं. वाढवलं कसलं, कुसुमनंच त्यांना सांभाळलं! रोज सकाळी ती पाण्याला जायची आणि मास्तर दुधाजवळ बसायचे. दूध वर यायचं, कडेला लागायचं, चुलीत सांडायचं, तरी हा बाबा हलायचा नाही. कुसुम दारात आली की आनंदानं म्हणायचा, "द मिल्क हॅड बॉइल्ड ओव्हर!" करपलेल्या दुधाचा वास भिंत ओलांडून माझ्या चहात यायचा. कुसुम मात्र हसून चूल पुसायला घ्यायची.

हे सगळं मी सोसलं. पण कुसुमच्या लग्नाचा विषय निघाला आणि माझं डोकंच फिरलं. जगाची रीत अशी, की पाहुणे मुलगी बघायला येतात, तिला नाव विचारतात, चालायला लावतात. इथं उलटंच. पोहे पुढं यायच्या आत मास्तर मुलाची परीक्षा घ्यायचे. कळसचा मुलगा चांगल्या घरचा होता. त्याला विचारलं, "पाहुणे आले, त्याआधी दिवा विझला व्हता. इंग्रजीत सांगा." मुलगा खाली बघत बसला. त्याचा बाप फेटा सावरत उठला.

"मास्तर, आमी पोरगी बघाया आलूय का पोरगा तपासून घ्याया?"

पळसदेवचा मुलगा तर नुसता 'हॅड' ऐकूनच घामेजला. एकामागून एक स्थळं गेली. कुसुमच्या बरोबरीच्या पोरी कडेवर लेकरं घेऊन माहेरी यायला लागल्या आणि हे मात्र नापासांची यादी वाढवत बसलेले. मला संताप आवरेना. शेवटी पिंपळीच्या माझ्या मावसभावाच्या मुलाला, दत्ताला, मी सुट्टीत घरी ठेवून घेतलं. तो साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून होता, मुलगा सरळ. त्याच्याकडून मी दिवा, दूध, मोटार, म्हैस सगळं घोटून घेतलं. मी गणिताचा मास्तर, पण हॅडचा असा वर्ग मास्तरांनीही कधी घेतला नसेल.

बघायच्या दिवशी दत्तानं एकेक वाक्य खणखणीत सांगितलं. दिवा झाला, मोटार झाली. मी मिशीला पीळ भरत मास्तरांकडं पाहिलं, तर त्यांचं तोंड उतरलेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी बरोबर उत्तरं देत होतं आणि यांच्या चेहऱ्यावर सुतक! प्रश्नामागून प्रश्न विचारत राहिले. आवाज बारीक होत चालला होता. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. या माणसाला कुणी पास व्हायलाच नको होतं.

मास्तरांनी समोरच्या कपाकडं बोट केलं. "तुमी पियाच्या आधी चहा निवला व्हता. सांगा."

हे मी शिकवलं नव्हतं. दत्ता अडखळला. "द टी हॅड... हॅड..."

इतक्यात आतल्या दाराआडून हळूच आवाज आला, "कूल्ड डाउन."

कुसुमचा आवाज. सगळ्यांनी ऐकला. मास्तर कितीतरी वेळ त्या दाराकडं बघत राहिले. मग उपरण्यानं तोंड पुसून म्हणाले, "पास हाय पोरगा."

लग्न झालं. वऱ्हाडाची मोटार पिंपळीला निघाली. मी मास्तरांशेजारी उभा होतो, आता मोटार वळणाआड जाईल आणि हे आपलं वाक्य म्हणतील, म्हणून कानात बोटं घालायच्या तयारीत. मोटार हलली मात्र, "थांबवा! आरं, थांबवा!" करत हा माणूस धोतर सावरत धुळीतून पळत सुटला. म्हशीला न अडवणारा, दुधाला न अडवणारा!

मोटार थांबली. मास्तर खिडकीला धरून धापा टाकत उभे राहिले. कुसुमनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "आबा, दूध वर यायच्या आत उतरवत जावा."

"व्हय," मास्तर म्हणाले, आणि मोटार गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवरून डोकावलो. मास्तर चुलीपुढं बसले होते. दूध वर यायला लागलं तसं त्यांनी फडक्यानं पातेलं धरलं आणि अलगद खाली उतरवलं. एक थेंब सांडला नाही. तोंडातून 'हॅड'ही निघाला नाही. ते पातेल्याकडं बघत तसेच बसून राहिले.

मला असा राग आला म्हणता! कुणाचा, ते काही कळेना. भिंतीवरून मी ओरडलो, "अहो मास्तर, उतू जाऊ द्या की मेलं!"