पाय कोरडे, रात्र थंड

आमच्या वरच्या मजल्यावरचे निकमसाहेब माती चाखतात. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात आम्ही राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी माझ्या तुळशीच्या कुंडीत बोट घातलं, जिभेला लावलं आणि निकाल दिला, "वहिनी, ही पाणी धरून बसते. बिल्कुल आमच्या ऑफिसातल्या साहेबांसारखी. फाईल सोडायची नाही."

मूळचे दिंडोरीचे. नोकरी केंद्र सरकारची, जीव द्राक्षांत. त्यातही फेसाळणाऱ्या वाइनच्या द्राक्षांत. स्वतः थेंबही घेत नाहीत, पण "पाय कोरडे, रात्र थंड" हे पालुपद जिन्यात भेटेल त्याला ऐकवतात. मुळाशी पाणी साचू नये म्हणून जमीन मुरमाड हवी, आणि रात्री गारवा असला की द्राक्षाचा आंबटपणा टिकतो. "गोडी काय, उन्हानं कुठंही भरते. फेसाला आंबटपणा लागतो. पुरतं पिकायच्या आधी तोडायचं."

दिल्लीच्या उन्हाळ्यात कसली थंड रात्र? पण साहेब हटले नाहीत. गावचा मुरूम पोत्यातून रेल्वेनं आणला. टीसीनं विचारलं, "दिल्ली में मिट्टी नहीं है क्या?" साहेब म्हणाले, "है. पर पानी छोड़ती नहीं." बाल्कनीतल्या पिंपात वेल लावला, आणि रोज संध्याकाळी त्याच्याभोवती ओली चादर बांधून टेबलफॅन सुरू. चादरीचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर.

यंदा वेलाला पहिल्यांदा घड लागले. साहेबांनी ते आंबटढाण असतानाच तोडले, घरोघरी वाटले आणि आमची वाकडी तोंडं समाधानानं बघत उभे राहिले.

एक घड मात्र वेलावरच होता, मलमलच्या फडक्यात बांधलेला.

"हा विसरलात का?"

"सईला आंबट चालत नाही."

सई त्यांची मुलगी. आई गेल्यावर साहेबांनीच वाढवलेली, आता नोएडात नोकरीला. रविवारी येणार होती. रविवारी फोन आला, "पप्पा, यार, ऑफिसमध्ये अडकलेय. नेक्स्ट संडे पक्का."

"अच्छा. तोवर आणखी गोडी भरेल," साहेब म्हणाले.

असे बरेच रविवार गेले. परवा मी वर गेले तर टेबलफॅन बंद, चादर घडी करून ठेवलेली.

"आता आंबटपणा राखून काय करायचं?" साहेब हसले.

मी फडकं उघडून पाहिलं. लूच्या गरम झळांनी मणी सुरकुतले होते. मला वाईट वाटलं, आणि सईचा रागही आला.

"साहेब, याचे बेदाणे व्हायला लागले."

त्यांनी फडकं हळूच पुन्हा बांधलं.

"होऊ देत, वहिनी. लहानपणापासून तिला बेदाणे फार आवडतात."