नगराध्यक्षांचा एकमेव वंशज

आमच्या गावात नगराध्यक्ष गिल्बर्ट हॅलिबर्न यांचा खरा वंशज एकच, आणि तो म्हणजे अस्मादिक! साडेतीनशे वर्षांपूर्वी खारवलेले हेरिंग मासे डच बंदरांत विकून गबर झालेला हा व्यापारी. आमचा धक्का त्यानेच बांधला. येत्या शनिवारी त्याच्या घरावर पाटी बसणार होती आणि तिच्यावरचा पडदा वंशजाने ओढायचा असं ठरलं होतं. म्हणजे मीच की!

"पुरावा काय?" मुंगो टुलॉकने विचारलं. हा आमचा समोरचा खाटीक. शिवाय चर्चचा पंच, त्यामुळे घराणं पिढ्यान् पिढ्या सोवळं असल्याचा भलता तोरा!

"पुरावा? अरे, आपल्याकडे थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात ना? मी गिल्बर्ट हॅलिबर्न, माझा आजा गिल्बर्ट, त्याचा आजा गिल्बर्ट! एक पिढी सोडून एक मोजत गेलं की थेट नगराध्यक्षांच्या दारात!"

"कागद बघितलेस?"

"रक्त असल्यावर कागद कशाला?"

माझी बायको उनासुद्धा म्हणाली, "अरे, दफ्तरखान्यात एकदा जाऊन तरी ये. तिथल्या मिस ग्रिअर दोनदा येऊन गेल्या. काहीतरी सापडलंय म्हणतात."

"त्यांना सांग, जे सापडलंय ते शनिवारी सगळ्यांसमोर वाचा!"

हे वाक्य माझंच. नाकारून उपयोग नाही, उना साक्षीला आहे.

शनिवारी निम्मं गाव लोटलं. मी आजोबांचा किल्ट चढवून, पडद्याचा दोर धरून ऐटीत उभा! मिस ग्रिअरनी चर्चची जुनी वही उघडली.

"नगराध्यक्ष हॅलिबर्न यांना सहा मुली. मुलगा नाही."

मी हसलो. "नीट वाचा हो बाई! मग आमचा पहिला गिल्बर्ट आला कुठून?"

"पिंपातून."

"काय?"

"नगराध्यक्षांच्या दारात, माशांच्या पिंपात सापडलेलं मूल. बाप्तिस्म्याला त्यांनी उचलून धरलं, म्हणून रिवाजाप्रमाणे त्यांचंच नाव-आडनाव लागलं."

माझ्या पायाखालची जमीन सरकली! दोर हातातून कधी सुटला कळलंच नाही. साठ वर्षं ज्याच्या नावावर मिरवलो, तो माझा कुणीच नाही? उनाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. आत हसू होतं की रडू, देव जाणे.

"पिंपातले युवराज!" मुंगो पोट धरून हसत होता. "व्हा बाजूला!"

"पुढे आहे अजून," मिस ग्रिअर म्हणाल्या. "पंचांनी चौकशी करून मुलाचा बाप हुडकून काढला. लग्नाबाहेरच्या पोराची शिक्षा म्हणून तीन रविवार त्याला भर चर्चमध्ये, सगळ्यांसमोर पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवलं. नाव, अँड्रू टुलॉक. धंदा, खाटीक."

मुंगोचा चेहरा पांढराफटक! "छे! आमच्यात? शक्यच नाही! दुसरा कुणी टुलॉक असेल!"

"गावात तेव्हा टुलॉकांचं एकच घर होतं, मिस्टर टुलॉक. तुमचं."

मी मुंगोकडे पाहिलं, मुंगोने माझ्याकडे. तेच नाक! तेच बाहेर आलेले कान! इतकी वर्षं समोरासमोर राहून हे मला दिसू नये?

समारंभाला आलेल्या नगरसेविकाबाई वाऱ्याने काकडल्या होत्या. "अहो, कुणीतरी ओढा तो पडदा!"

"ओढ की रे टुलॉक!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"ओढतो!" आम्ही दोघंही एकदम म्हणालो. म्हणजे, एकदम असं गावाला सांगतो. खरं तर माझं जरा आधीच निघालं!