आर्सेनियोकाका गप्प बसतात

"आजचा एक दिवस, बाबा. फक्त आजचा," ग्रिसेल्दा म्हणाली आणि तिनं रेडिओ बंद केला.

बातम्या अर्ध्यावरच तुटल्या. महागाईचा वेग कमी झाल्याचं मंत्री नुकतंच सांगत होते. 'झाला असेल कमी, आमच्या गल्लीत वळताना बैलसुद्धा वेग कमी करतो,' हे वाक्य आर्सेनियोकाकांच्या जिभेवर येऊन बसलं होतं. ते त्यांनी पावाच्या तुकड्याबरोबर गिळलं. घशाशी अडकलं.

कॉरिएन्तेस प्रांतातल्या पासो गार्सा या नदीकाठच्या गावात आर्सेनियो मायदानांना दोन कारणांनी सगळे ओळखत. एक म्हणजे एकोणिसाव्या वर्षी ते माल्विनास बेटांवर इंग्रजांशी लढून आले होते. दुसरं म्हणजे तिकडून आल्यापासून त्यांचं तोंड बंद झालं नव्हतं. सरकार, पाऊस, फुटबॉल, शेजाऱ्याचा नवा जावई, सगळ्यांवर त्यांचं मत तयार असे, आणि ते मागण्याचे कष्ट ते कोणाला देत नसत.

दोन एप्रिलला शाळेत त्या लढाईच्या स्मरणाचा कार्यक्रम होई आणि काकांना बोलायला उभं करत. गेल्या वर्षी ते खंदकातल्या थंडीपासून सुरू झाले ते खंदकातल्या जेवणावर आले. तिथून शाळेच्या जेवणातल्या शेवयांवर, आणि शेवयांवरून त्या पुरवण्याचं कंत्राट ज्याला मिळालं होतं त्या नगराध्यक्षांच्या मेहुण्यावर. नगराध्यक्ष पहिल्या रांगेत बसले होते. परिणाम एवढाच झाला, की प्रभारी मुख्याध्यापिका ग्रिसेल्दा मायदाना प्रभारीच राहिली. आज पुन्हा दोन एप्रिल, आणि कार्यक्रमाला राजधानीहून निरीक्षक बाई यायच्या होत्या. त्यांनी सही केली तर ती कायम होणार होती. नाही केली तर पलीकडच्या बेटावरची एका खोलीची शाळा तिची वाट बघत होती. तिथं होडीशिवाय जाता येत नसे, आणि होडीही लहर असेल तेव्हाच जाई.

"मी अर्धं पान लिहून दिलंय. तेवढंच वाचा," ती म्हणाली. "तोवर कशावरही मत नको. कशावरही. द्या शब्द."

काकांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. सैनिकाचा शब्द. पण आपल्या तोंडाची त्यांना पुरती ओळख होती. दार किलकिलं ठेवलं तर गुरं आत शिरणारच. म्हणून त्यांनी दारच लावून घेतलं. कार्यक्रम होईपर्यंत संपूर्ण मौन. लेक शाळेत निघून गेली, आणि काका घरात या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालू लागले. समोरचा शेजारी रंगाचा ब्रश उलटा धरून कुंपण रंगवत होता. काका दाताखाली ओठ धरून बघत राहिले. मग बघवेना. ते टोपी घालून बाहेर पडले.

तसं कामही होतंच. कार्यक्रमानंतर मुलांना गरम चॉकलेट आणि चिपा मिळत. चिपा म्हणजे कसाव्याचं पीठ आणि चीज यांचे भट्टीत भाजलेले, कडबोळ्यासारखे गोल. ते पोलोनियाच्या भट्टीतून शाळेत न्यायचे होते.

पोलोनियाची भट्टी गावात एकच. रोज सकाळी पहिला घाणा निघाला की काका त्यातला एक चिपा मोडत, चावत आणि निकाल देत. "आज मीठ रुसलंय." "आज चीज नात्यातलं वाटत नाही." पोलोनिया रोज त्यांना शिव्या घाले आणि दुसरा घाणा त्याप्रमाणे सुधारी. नवरा गेल्यापासून, म्हणजे बरीच वर्षं, तिनं स्वतः मिठाची चव घेतलीच नव्हती. गरजच पडली नव्हती.

आज काकांनी चिपा मोडला, चावला, गिळला आणि दाराबाहेर बघत उभे राहिले.

पोलोनिया थांबली. जरा वेळानं तिनं विचारलं, मीठ जास्त झालंय का. काका गप्प. कमी झालंय का. गप्पच. तिचे हात पिठातच राहिले.

"आर्सेनियोभाऊ, इतकं वाईट झालंय का, की बोलवतही नाही?"

काकांनी जोरानं मान हलवली आणि आपण शब्दानं बांधलेले आहोत हे समजावं म्हणून छातीवर हात ठेवला.

पोलोनियाच्या नवऱ्यानंही जाण्याआधी असाच छातीवर हात ठेवला होता. तिनं पिठाच्या हातांनीच काकांना धरलं, खुर्चीत बसवलं, सदऱ्याची दोन बटणं काढली, आणि अशा वेळी काय करायचं ते न सुचल्यामुळे, आपल्याकडे कुठल्याही वेळी करतात तेच केलं. येर्बाचा, म्हणजे कडवट पाल्याच्या चहाचा, तुंबा गरम पाण्यानं भरला आणि नळी त्यांच्या तोंडात दिली.

येर्बा पिण्याची आपली रीत ठरलेली आहे. एकच तुंबा, एकच नळी. पिणारा रिकामा करून परत देतो, भरणारा पुन्हा भरून पुढं करतो. पिणारा तोंडानं 'आभारी आहे' म्हणत नाही तोवर भरत राहायचं. न म्हणता थांबणं हा अपमान, आणि म्हटलं नसताना भरणं थांबवणं हा त्याहून मोठा अपमान. काकांनी पहिला तुंबा संपवून परत दिला. तिनं भरला. त्यांनी मान हलवली. तिनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि भरला. त्यांनी तुंब्यावर आडवा हात धरला.

"हातसुद्धा जागेवर राहत नाहीये," ती स्वतःशी पुटपुटली. तिनं तो हात अलगद बाजूला केला आणि भरला.

एका हातानं भरताना दुसऱ्या हातानं तिनं तोरिबियोला फोन लावला.

तोरिबियो इन्साउर्राल्दे काकांबरोबर एकाच खंदकात होता. तो मोटारसायकल दारात आडवी टाकूनच आत आला. मित्राच्या समोर उकिडवा बसला आणि नगराध्यक्ष, फुटबॉलचे पंच, सासुरवाडी असे काकांचे ठेवणीतले विषय एकेक करून काढले. काकांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळे बाहेर आले, पण ओठ काही उघडेनात.

"संपलं," तोरिबियो उठत म्हणाला. "डोक्यावर तोफगोळे पडत होते तेव्हासुद्धा हा स्वयंपाक्याला नावं ठेवत होता. हा गप्प म्हणजे संपलं."

त्यानं गावच्या रेडिओला फोन लावला. पासो गार्सामध्ये कोणाची गाय हरवली, कोणाचं बारसं ठरलं, कोण अत्यवस्थ आहे, हे सगळं त्याच रेडिओवरून कळतं. भट्टीतल्या फळीवरचा रेडिओ लगेच बोलू लागला, की आपले लाडके माजी सैनिक आर्सेनियो मायदाना पोलोनियाबाईंच्या भट्टीत शेवटच्या घटका मोजत आहेत, सर्वांनी प्रार्थना करावी. काकांनी ही बातमी नळी तोंडात असतानाच ऐकली. आयुष्यात पहिल्यांदाच एका बातमीबद्दल त्यांना खातरीची माहिती होती, आणि तिच्यावरच मत देता येत नव्हतं.

शाळेकडं निघालेले पालक मुलांसकट भट्टीकडं वळले. अंगण भरलं, मग रस्ता भरला. शेवटी फादर अन्सेल्मो आले. एका हातात मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची बाटली, गळ्यात अकॉर्डियन.

फादर अन्सेल्मो प्रवचन सांगत नसत, ते गात. कथा लावायची, सुरांवर चढवत न्यायची, ऐन रंगात थांबायचं आणि ध्रुवपद लोकांच्या हवाली करायचं. मग सगळं देऊळ ते उचलून धरी. आर्सेनियोकाका देवाच्या घरी मत देत नसत ते याचसाठी. पहिल्या बाकावरून ध्रुवपद उचलण्याचा मान त्यांचा होता. तो सूर एकदा लागला की त्यांच्या आत कसलीशी जुनी थंडी वितळे.

फादरांनी आज मुक्या झालेल्या जखऱ्याची कथा लावली. म्हातारा याजक, देवदूत मुलगा होईल म्हणतो, हा शंका घेतो, आणि वाचा जाते. बाहेर लोक खोळंबलेत आणि आत हा हातवारे करतोय. अकॉर्डियन असा काही हुंदका देत होता, की रस्त्यावरची कुत्रीही बसली. आणि मग ध्रुवपद आलं.

"शब्द तुझा, जीभ तुझी, बोलव देवा बोलव रे..."

फादर थांबले. सगळं गाव काकांकडं बघू लागलं. सूर अगदी ओठांपर्यंत आला होता. त्यांनी मुठी आवळल्या, लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि तो सूर परत आत ढकलला. गालांवरून पाणी ओघळलं.

ते पाहून पोलोनियानं हंबरडाच फोडला, आणि बायकांनी रडत रडत ध्रुवपद उचललं. एवढ्यात काकांच्या नाकाला वास लागला. शाळेचे चिपा भट्टीत होते. ते खुर्चीतून उठू लागले, भट्टीकडं बोट दाखवू लागले.

"प्रकाश दिसतोय त्यांना," कोणीतरी हळूच म्हणालं. तोरिबियोनं मित्राला प्रेमानं दाबून खाली बसवलं. पोलोनियानं तुंबा भरला.

धूर खोलीत आला तेव्हा खरा प्रकार कळला. भट्टी उघडली तर आत कोळसे. तो धूर फाडतच ग्रिसेल्दा आत आली. तिच्या मागं उंच, वाळक्या, हातात चामडी पिशवी घेतलेल्या निरीक्षक बाई. शाळेच्या रिकाम्या पटांगणात दोघी वाट बघत असताना कोणीतरी रेडिओ लावला होता. मग बाईंनीच आपल्या गाडीतून तिला आणलं.

ग्रिसेल्दानं वडिलांकडं पाहिलं. आवळलेले ओठ, उघडी बटणं, हातात तुंबा.

"बाबा, तुम्ही मौन धरलंय का?"

काकांनी मान डोलावली.

निरीक्षक बाई बघत होत्या. ग्रिसेल्दाला काहीही सांगता आलं असतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं.

"मीच सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "बाई येणार होत्या म्हणून. म्हटलं, आज तरी काही बोलू नका."

मग गावाला वाचा फुटली. तू आपल्या बापाचं तोंड बंद केलंस, असं पोलोनिया म्हणाली, आणि माझ्या मिठाचं काय. तोरिबियो मात्र निरीक्षक बाईंपुढं जाऊन टोपी काढून उभा राहिला.

"बाई, तिकडं खंदकात पाय गोठले की झोप यायची. जो झोपला तो उठायचा नाही. हा रात्रभर माझ्या कानाशी बोलायचा. पावसावर, सुभेदारावर, सुपावर. मी चिडायचो आणि चिडून जागा राहायचो." त्यानं मित्राकडं बोट केलं. "हा गप्प झाला की मला भीती वाटते. एवढंच."

ग्रिसेल्दानं हे कधी ऐकलं नव्हतं. घरात सगळ्या विषयांवर बोलणारा बाप या एका विषयावर बोलला नव्हता. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बोला बाबा. काय बोलायचं ते बोला."

गाव श्वास रोखून थांबलं. फादरांनी अकॉर्डियनचा भाता हलकेच उघडून तयार ठेवला. तोरिबियोनं गावच्या रेडिओला लावलेला फोन त्याच्या खिशात अजून चालूच होता, त्यामुळे घरोघरी लोक कान देऊन होते. आर्सेनियोकाका सावकाश उभे राहिले, त्यांनी तुंबा पोलोनियाच्या हातात दिला आणि तोंड उघडलं.

"आभारी आहे," ते म्हणाले. "आता सगळे बाजूला व्हा. मला संडास गाठायचाय."

ते परत आले तेव्हा हसणं अजून ओसरलं नव्हतं. कार्यक्रम तिथंच, भट्टीच्या अंगणात करायचं ठरलं होतं, कारण गाव तिथंच होतं. पोलोनियानं निरीक्षक बाईंना बसायला पिठाचं पोतं दिलं आणि सवयीनं तुंबा भरून पुढं केला. बाईंनी तो शेवटपर्यंत ओढला.

"गेल्या वर्षीचा शेरा आहे," त्या पिशवी उघडत ग्रिसेल्दाला म्हणाल्या, "की या मुख्याध्यापिकेला वडिलांचं तोंड आवरता येत नाही. आवरल्यावर काय होतं ते मी आज बघितलं. तो शेरा मी काढते." त्यांनी गुडघ्यावरच सही केली, मग काकांकडं वळल्या. "आणि त्या शेवयांचं पुढं काय झालं?"

काकांनी खिशातलं अर्धं पान काढलं, लेकीकडं पाहिलं. लेकीनं डोळे मिटून घेतले, पण मान होकारार्थी हलवली.

निरीक्षक बाईंनी रिकामा तुंबा परत दिला. आभार मानले नाहीत. पोलोनियानं तो पुन्हा भरला.

काकांनी कोळशातून त्यातल्या त्यात बरा चिपा उचलला, मोडला, एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

"शेवयांवर येतोच," ते म्हणाले. "आधी मिठाचं बोलू."

पोलोनिया उंबऱ्यावर टेकली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बसली होती.