सासरेबुवांच्या घड्याळाचा जीर्णोद्धार

"मूळ घड्याळाच्या केसालाही धक्का न लावता ते चालू करून देतो, बाबा! लावा पैज!" जाणकारांनी सासऱ्यांना छातीठोक सांगितलं. 'जाणकार' हे नाव त्यांना कचेरीने बहाल केलं होतं. कुठल्याही विषयावरचे दोन लेख वाचले की तिसऱ्या दिवशी ते त्याच विषयातल्या माणसाला शिकवायला निघत!

सासरे दोन दिवसांसाठी आले होते, त्याला आता तीन आठवडे झाले. आल्या दिवशीच त्यांचं चावीचं जुनं मनगटी घड्याळ बंद पडलं. "हे चालू झाल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही!" असं जाहीर करून ते जाणकारांच्या लाडक्या आरामखुर्चीत जे रुतले ते रुतलेच. जाणकार स्वतःच्याच घरात स्टुलावर आले होते हो!

जाणकार घड्याळ घेऊन एकटेच दुकानात गेले. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं. "एक बारीक स्प्रिंग गंजलीय. बदलतो. तासाभराचं काम."

"खबरदार! मूळ भाग बदलायचा नाही. कमीत कमी ढवळाढवळ, हाच हल्लीचा नियम!"

"बरं, तबकडीवरचा डाग पुसू?"

"तो इतिहास आहे!"

"आणि आतला मळ?"

"वरवरचा काढा. खालचा अस्सल असणार."

चाळीस वर्षांच्या धंद्यात मळाची एवढी इज्जत घड्याळजींनी पाहिली नव्हती. त्यांनी निमूटपणे थेंबभर तेल सोडलं. "चालेल, पण मागे पडेल हं."

"या वयात कोण मागे पडत नाही?" म्हणत जाणकार विजयी मुद्रेने घरी आले.

घड्याळ टिकटिकतंय म्हटल्यावर सासरे खूश! लगेच दुसऱ्या दिवशीच्या साडेबाराच्या गाडीचं तिकीट निघालं. सकाळी आठला त्यांनी रेडिओवरून घड्याळाची वेळ लावून घेतली. अकराला जाणकारांनी बॅग उचलली.

"घाई कसली, जावईबापू? आत्ता कुठे साडेदहा होतायत."

"अहो बाबा, मोबाइलमध्ये अकरा..."

"मोबाइल कालचं पोर! यातला एकही भाग बदललेला नाही, तुम्हीच सांगितलंत ना? मग ते खोटं कशाला बोलेल?"

"बोला की आता!" बायकोने हसू दाबत म्हटलं.

सासऱ्यांनी सावकाश चहा घेतला, मग आणखी अर्धा कप घेतला. स्टेशनात पोचले तेव्हा फलाट रिकामा होता. "बघा, गाडी अजून लागलीसुद्धा नाही," म्हणत सासरे बाकावर टेकले.

"दहा मिनिटं झाली गाडी जाऊन," हमाल म्हणाला.

"वेळेआधी सोडतात म्हणजे काय!" सासरे कडाडले.

जाणकारांनी त्यांना रिक्षात घातलं आणि थेट घड्याळजींचं दुकान गाठलं. "काय हवं ते बदला! स्प्रिंग, काटे, तबकडी! इतिहास गेला खड्ड्यात!"

"तसली शेवटची स्प्रिंग आज सकाळीच एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात बसवली हो. आता मागवावी लागेल. दोन महिने तरी धरा. दुसरी कुठली तरी घासूनपुसून बसवू का? उद्या देतो."

"बसवा! बसवा!" जाणकार जवळजवळ काउंटरवरच चढले.

"छे, छे!" सासऱ्यांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अस्सलच मागवा. आमच्या जावयांना दुसरं चालत नाही. मी थांबतो की!"