मागून रेडिओ ऐकणारे मन्मथअप्पा

रेडिओ पुढून ऐकायचा असतो, हे आमच्या मन्मथअप्पांना अख्ख्या कोहिनूर गावानं समजावून सांगितलं. शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं, किराणावाल्या गुंडप्पानं सांगितलं, आणि मी तर सांगितलंच सांगितलं, कारण अकराव्या वर्षी मला जगातलं सगळं कळत होतं. पुढं वर्षागणिक कळणं कमी होत गेलं. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चहात साखर किती लागते तेवढंच कळतं, आणि तेसुद्धा डॉक्टरला मान्य नाही. अप्पा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि घोंगडी उचलून रेडिओच्या मागं जाऊन बसायचे.

म्हणजे कसं, बघा. अप्पांचं घर आमच्या घराला लागून, मधे एक भिंत. त्यांच्या ओसरीत एक उंच मेज, मेजावर जमिनीपर्यंत लोंबणारी चादर, आणि चादरीवर गावातला एकुलता एक रेडिओ. पुढं तीस-चाळीस माणसं मांडी घालून बसलेली, आणि मागं, उंच बाकावर घोंगडी टाकून, रेडिओच्या पाठीला नाक लावून, अप्पा. पुढून त्यांचा फक्त पटका दिसायचा. खुद्द रेडिओच पटका बांधून गायला बसलाय, असं वाटायचं.

आजच्या पोरांना सांगून पटत नाही, पण त्या रेडिओनं माझी मतीच गुंग केली होती. गावात वीज नव्हती. तुळशीपुढं पणती, घरात कंदील, बाकी अंधार. असल्या गावात अप्पांनी हैदराबादहून तो डबा आणला. त्याच्याबरोबर विटेएवढी जड बॅटरी आली, छपरावर दोन बांबू उभे राहिले आणि त्यांच्यामधे तार ताणली गेली. बटण फिरवलं की लगेच काही व्हायचं नाही. आधी आत मिणमिण उजेड. मग खरखर, जणू कुणी सुपात तूर पाखडतंय. आणि मग त्या खरखरीतून एक माणूस गायला लागायचा. आत्ता, या घटकेला, तिकडं हैदराबादेत कुणी तोंड उघडतो आणि इकडं आमच्या ओसरीत ऐकू येतं! एकदा गाता गाता गवयाला ठसका लागला. माझी आई चटकन म्हणाली, "अगंबाई, पाणी द्या की कुणीतरी!" हसलं कुणीच नाही. सगळी ओसरी श्वास धरून बसली होती, त्याला पाणी मिळेपर्यंत.

पण हा सोहळा आठवड्यातून एकदाच, मंगळवारी दिवेलागणीला. हैदराबादच्या रेडिओ स्टेशनात गवई समोर बसून गायचे ती अर्ध्या तासाची बैठक तेवढी अप्पा लावायचे. ती संपून तबकडीवरची गाणी सुरू झाली की कट्ट! बटण बंद. वर दोन पोपट भरलेला रुमाल.

"अप्पा, आता तर शिनेमाचं गाणं लागायलं होतं!" गुंडप्पा कळवळून म्हणायचा.

"ते तबकडीतलं गाणं. त्याच्या मागं कोण बसलंय?"

"मागं बसून काय करायचंय कुणाला?"

"तू दुकानात बसतूस, गुंडप्पा. मागं गूळ कोण फोडतंय?"

गूळ गुंडप्पाची बायको फोडायची. ती समोरच बसलेली असायची, आणि पदर तोंडाला लावून अशी हसायची की गुंडप्पाला शिनेमा विसरावा लागायचा.

"आन् मागं कोण हाय?" हा अप्पांचा जन्माचा प्रश्न. कुणी म्हणालं अमक्याच्या शेतात ज्वारी झकास आली, की अप्पा, "आन् मागं कोण हाय? खुरपलं कुणी?" लग्नाची वरात आली की घोड्यावरच्या नवरदेवाला ओलांडून सरळ शेपटाला जायचे आणि डोक्यावर बत्ती धरलेल्या माणसाला विचारायचे, "मान अवघडली न्हाई न्हवं?" माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याला त्यांनी ओळखलंच नाही. बत्तीवाल्याचं मात्र नावगाव, पोरंबाळं सगळं विचारून घेतलं. आज माझी नात मोबाईलवर कुणाचं गाणं दाखवते तेव्हा माझ्याही तोंडून तेच जातं. ती म्हणते, "आजी, मागं कुणी न्हाई, कॉम्प्युटर हाय." मी गप बसते. अप्पा गप बसले नसते.

आता खरी गंमत. गाणं संपलं की पुढची माणसं माना हलवायची, आणि मागून अप्पांचा आवाज यायचा, "शाब्बास, पोरी!"

बाई गात असेल तर ठीक. पण अप्पा चांगल्या ढाल्या आवाजाच्या, छातीतून घुमणाऱ्या गवयालासुद्धा म्हणायचे, "शाब्बास, पोरी!" आम्ही पोरं हसून लोळायचो. गाण्याआधी स्टेशनवाला नावं सांगायचा: गाणार अमुक, तबल्यावर तमुक, पेटीवर फलाणा. तेव्हा अप्पा कान टवकारून पुढं झुकायचे. नावं संपायची. अप्पांचं तोंड थोडं उघडं राहायचं, "आन्..." एवढंच म्हणून मिटायचं.

हे सगळं मी पाहत होते. पाहून मला काय समजलं? की अप्पांना बाई आणि बाप्या यातला फरक कळत नाही. इतकी हुशार मी.

तर एका मंगळवारी मी ठरवलं, अप्पांची फजिती करायची. माणसं जमायच्या आधी मेजाखाली शिरले आणि चादर ओढून बसले. त्या दिवशीचा गवई म्हणजे मेघच. त्याचं गाणं संपलं. डोक्यावरून अप्पांचा आवाज आला, "शाब्बास, पोरी!"

मी नाक चिमटीत धरलं आणि बारीक आवाजात म्हणाले, "जी, अप्पा!"

ओसरीत एकच हशा पिकला. गुंडप्पाला हसून हसून उचकी लागली. "गवई बोलला! अप्पाशी बोलला!" मला मेजाखाली हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडात कोंबला. म्हणजे परकराचा घोळ. पदर मिळायला अजून अवकाश होता.

मग मेज जरासं हललं. अप्पांनी दोन्ही हात रेडिओच्या पाठीवर ठेवले होते.

"शरणम्मा?" ते म्हणाले. "जेवलीस का गं?"

पुढचं हसू एकदम थांबलं नाही. एकेक माणूस थांबत गेलं, आणि शेवटी गुंडप्पाची उचकी तेवढी उरली.

शरणम्मा अप्पांची लेक. हैदराबादेत दिलेली. दोन वर्षांत नवरा गेला, आणि आता ती तिथं शिवणकाम शिकवते, असं गावाला ठाऊक होतं. मी चादरीखालून बाहेर आले. मार बसणार म्हणून कान आधीच झाकून घेतले. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं, हात रेडिओवरून काढले आणि धोतराला पुसले.

"तू व्हय," ते म्हणाले. मग पुढच्या माणसांना म्हणाले, "शिवण नव्हं. रेडिओत हाय ती. तानपुऱ्यावर बसती. गाणाऱ्याच्या मागं." आणि हळूच, "तिचं नाव सांगत न्हाईत."

मग सांगू लागले, "लहानपणी गायची. म्या बंद केलं. नवरा गेल्यावर तिकडं शिकाया लागली, तर म्या जाऊन सांगून आलो, गाण्यात राहिलीस तर ह्या उंबऱ्यात येऊ नको. पाच वर्सं झाली. येवढंच एक माझं ऐकलं पोरीनं."

रुमालावरचे दोन पोपट तिनं भरलेले होते, हे मला आईनं नंतर सांगितलं.

मला वाटलं, आता अप्पा मला ओसरीत पाय ठेवू देणार नाहीत. पुढच्या मंगळवारी मी दाराआडूनच ऐकत होते. गाणं संपलं, "शाब्बास, पोरी" झालं. माणसं उठली. अप्पांनी मला हाक मारली, "काशे, हिकडं ये. बस मेजाखाली."

"कामून?"

"बस तर." मी बसले. वरून आवाज आला, "जेवलीस का गं?"

मी नाक न धरता म्हणाले, "जेवले, अप्पा."

"काय जेवलीस?"

हे मला ठाऊक नव्हतं. मला आवडायची ती सणावारची गव्हाची खीर सांगितली, "हुग्गी! वर तूप!"

"मंगळवारची हुग्गी? हैदराबादेत लई माजलेत लोक," अप्पा म्हणाले, आणि खूश होऊन रेडिओवर रुमाल घातला.

मग ते दर मंगळवारचंच झालं. मी शरणम्माला धपाटे खाऊ घातले, शेंगोळे खाऊ घातले, एकदा तर लागोपाठ दोन मंगळवार पुरणपोळी. अप्पांना सगळं ठाऊक होतं. मेजाखाली कोण आहे, हुग्गी कुणाला आवडते, सगळं. तरी विचारायचे. "बोलवा की तिला," असं मी एकदा म्हणाले. "येऊ नको म्हणालो न्हवं म्या," ते म्हणाले, जणू ते वाक्य दुसऱ्याच कुणाच्या मालकीचं होतं आणि त्यांना परत घेता येत नव्हतं.

त्यांना येत नव्हतं, मला येत होतं. मी आईकडून एक पोस्टकार्ड मागून घेतलं, शाळेचा निबंध आहे म्हणून. पत्ता लिहिला: मागं बसणारी शरणम्मा, तानपुऱ्यावाली, रेडिओ स्टेशन, हैदराबाद. आणि मजकूर असा: "शरणम्माक्काला काशीचा नमस्कार. तुझे अप्पा दर मंगळवारी जेवलीस का म्हणून विचारतात. तुझ्या वतीनं जेवून जेवून माझे पदार्थ संपले. आता तू ये."

असल्या पत्त्यावरचं कार्ड पोचलं! माणसाचा आवाज हैदराबादहून येतो याचं मला जेवढं नवल वाटलं होतं, त्याहून जास्त याचं वाटलं. एका मंगळवारी दुपारी, भालकीला रेल्वेतून उतरून, बैलगाडीनं शरणम्मा आली. उंच, सावळी, बोटांना घट्टे. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. अप्पा ओसरीतून उठले, पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि स्वतःच्या हातानं तिच्या पायांवर पाणी घातलं.

संध्याकाळी सवयीनं माणसं जमली. अप्पांनी रेडिओवरचा रुमालच काढला नाही.

"आज गाणं न्हाई व्हय?" गुंडप्पानं विचारलं.

"आज मागं कुणी न्हाई," अप्पा म्हणाले.

शरणम्मा उठली. खुंटीवर अप्पांची भजनाची एकतारी होती, ती काढली, तिचा कान पिळला, तार लावली आणि माझ्या हातात दिली. "टपाल टाकणारी तूच न्हवं? बस माझ्या मागं. एका बोटानं छेडायचं. मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं न्हाई." ती मधे बसली, मी तिच्या मागं बसले. आणि अप्पांनी घोंगडी उचलली आणि आले माझ्याच शेजारी.

"अप्पा, पुढं या," शरणम्मा म्हणाली.

"मला मागूनच बरं ऐकू येतंय गं."

"आज मी मागं न्हाई, अप्पा."

अप्पा घोंगडी हातात धरून उभे राहिले. मग हळूच, देवळात जावं तसे, पुढं गेले आणि तिच्यासमोर बसले.

ती गायली. काय गायली ते मला सांगता येणार नाही. मी तिची पाठ बघत होते आणि बोट चुकेल म्हणून घाबरत होते. एवढं आठवतं की खरखर नव्हती. अर्धा तास आमच्या ओसरीत इतका स्वच्छ आवाज होता की कंदिलाची वात जळतानासुद्धा ऐकू येत होती.

गाणं संपलं. सगळे वाट बघू लागले. अप्पांनी मान वाकडी केली, तिच्या खांद्यावरून मागं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "शाब्बास, पोरी."

मी खुळी, तार छेडता छेडताच भांडायला लागले, "म्या काय केलं अप्पा? गायली ती!"

"तिला म्या कोणत्या तोंडानं म्हणू गं," अप्पा म्हणाले.

शरणम्मा त्यांच्याकडं बघत होती. मग म्हणाली, "अप्पा, तुम्ही जेवलाव का?"

एवढे मंगळवार मी तिकडच्या हुग्गीवर तूप वाढलं. पण भिंतीपलीकडं एकटा राहणाऱ्या त्या म्हाताऱ्याला, तुम्ही जेवलाव का, हे कधी विचारलं नव्हतं. मीच काय, कुणीच नाही.

"न्हाई," अप्पा म्हणाले.

ती उठली आणि चुलीकडं गेली. अप्पा तिच्या मागं मागं गेले. माणसं एकेक करून घरी गेली. मी मात्र तार छेडत तिथंच बसून राहिले. थांब म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.